स्टॉपवॉचच्या पलीकडे: खेळाडूंची हालचाल आणि फिटनेस दोन्ही कसं तपासावं

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात मी संध्याकाळी मुलामुलींना फुटबॉल शिकवते. मैदान लाल मातीचं. जुलैत त्याचा चिखल होतो आणि मे महिन्यात तेच सिमेंटसारखं कडक होतं. मुलं मला टीचर म्हणतात.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांच्या फिटनेस चाचण्या घेतल्या, वहीत आकडे लिहिले आणि पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम लावले. त्या यादीत सगळ्यांत वर असलेली मुलगी तीन महिन्यांत गुडघा धरून मैदानात बसली. कोणाचा धक्का लागला नव्हता. हेडरसाठी तिने उडी मारली, एका पायावर उतरली आणि गुडघा आत गेला. त्या रात्री मी फोनमधले सरावाचे जुने व्हिडिओ काढून बसले. प्रत्येक उडीनंतर तिचा उजवा गुडघा आत पडत होता. तीन महिने ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी घड्याळाकडे बघत होते.

त्यानंतर जे शिकले, ते कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नुकतंच प्रशिक्षण देऊ लागलेले तरुण, शाळेतले शारीरिक शिक्षण शिक्षक आणि मुलांबरोबर मैदानावर येणारे पालक, तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

१. आधी दोन प्रश्न वेगळे करा

फिटनेसच्या चाचणीचा प्रश्न असतो ‘किती?’ किती वेगाने, किती वेळ, किती वेळा. हालचालीच्या चाचणीचा प्रश्न असतो ‘कशी?’ खाली बसताना टाच जमिनीवर राहते का, उतरताना गुडघा पावलाच्या रेषेत राहतो का, डावं आणि उजवं सारखं आहे का.

दोघांनी बारा सूर्यनमस्कार एकाच वेळात घातले, तर वहीत दोघांसमोर बाराच लिहिलं जाईल. एकाची कंबर दर नमस्काराला खाली लोंबत असेल, तर तो आकडा ते सांगणार नाही.

नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. त्याला वाटतं, ज्याची हालचाल सुबक तो आपोआप फिट, आणि जो फिट त्याची हालचाल ठीकच असणार. तसं नसतं. अमेरिकेत ग्रे कुक आणि ली बर्टन यांनी १९९०च्या दशकात ‘फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन’ नावाची तपासणी तयार केली. थोडक्यात एफएमएस. सात हालचाली, प्रत्येकीला ० ते ३ गुण, एकूण २१. पुढे संशोधकांनी हे गुण आणि खेळातली कामगिरी ताडून पाहिली. २०११ साली तिथल्या विद्यापीठ स्तरावरच्या गोल्फ खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात एफएमएसचे गुण आणि धावण्याचा वेग, उडी, चपळाई यांचा नोंद घेण्यासारखा संबंध आढळला नाही. वेग, उडी आणि चपळाईशी संबंध आढळला तो वजन घेऊन मारलेल्या बैठकीच्या ताकदीचा. वाढत्या वयाच्या फुटबॉलपटूंमध्ये हालचाल आणि कामगिरी थोडी जास्त हातात हात घालून जाताना दिसतात, पण त्यात शरीराच्या वाढीचाही वाटा असतो. मोठं होताना दोन्ही सुधारतात.

मग हालचाल बघायची कशाला? कारण मुलाची सगळी ताकद आणि सगळा वेग शेवटी त्याच हालचालीतून बाहेर येतो. घोटा पुरेसा वाकत नसला की बसताना टाच उचलते किंवा पाऊल आत कलतं. पाऊल आत कललं की गुडघा त्याच्या मागोमाग आत जातो. गुडघा ताठ ठेवून उतरलं की मांडीच्या स्नायूंना धक्का जिरवायला वेळच मिळत नाही आणि भार अस्थिबंधांवर, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांवर, जातो. हळू खेळणाऱ्या मुलात ही खोड बरीच वर्षं खपून जाते. तेच मूल वेगवान झालं, उंच उडायला लागलं, की त्याच खोडीवर कितीतरी जास्त भार येतो. म्हणून माझ्या यादीतल्या पहिल्या मुलीला धोका कमी नव्हता, जास्त होता.

२. सामान आणि कागद

महागडं काही लागत नाही. माझ्या पिशवीत हे असतं:

- कापडी मापपट्टी आणि जमीन मोजायची ३० मीटरची टेप
- साधारण सव्वा मीटर लांबीचा हलका दांडा (पीव्हीसी पाईप चालतो)
- रंगीत चिकटपट्टी, खडू, चुना
- ३० सेंटिमीटर उंचीची भक्कम लाकडी पेटी
- फोन आणि तो टेकवायला एक चिरा (जांभा दगड)
- वेगळं स्टॉपवॉच, कारण फोन व्हिडिओत गुंतलेला असतो
- प्रत्येक मुलाची दोन पानं असलेली वही

पेटीबद्दल एक ताकीद. आपल्याकडे चिरे कुठेही पडलेले असतात म्हणून एकावर एक ठेवून त्यावरून मुलांना उडी मारायला लावू नका. चिरा हलतो, कडा फुटते. सुताराकडून पेटी करून घ्या.

कागदांत पालकांचं लेखी संमतीपत्र सगळ्यांत महत्त्वाचं. त्यात व्हिडिओ काढण्याची परवानगी वेगळी लिहून घ्या आणि ते व्हिडिओ संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार नाही हेही लिहा. तेरा वर्षांच्या मुलीचा वाकडा पडणारा गुडघा गावभर फिरता कामा नये. जन्मदाखल्याची प्रत घ्या, कारण वयोगट आणि वाढ दोन्हींसाठी खरं वय लागतं. डॉक्टरांचं खेळायला हरकत नसल्याचं प्रमाणपत्र आणि मागच्या दुखापतींची यादी घ्या. गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर पालकांनी ते घरात हाताशी ठेवावं, एवढं सांगून ठेवा.

३. दुखतंय का, हे सगळ्यांच्या आधी विचारा

ही पायरी दोन मिनिटांची आहे आणि तीच बहुतेक जण गाळतात. एफएमएसमध्ये हालचाल करताना दुखलं तर त्या चाचणीला सरळ शून्य देतात, मग ती दिसायला कितीही छान असो. मला हा नियम फार पटतो. दुखणारं शरीर हालचाल बदलतं, त्यामुळे तुम्ही बघता ते त्या मुलाचं नेहमीचं वागणं नसतं.

फक्त ‘दुखतंय का?’ असं घोळक्यात विचारू नका. संघातून वगळतील या भीतीने मुलं ‘नाही टीचर’ म्हणतात. एकेकाला बाजूला घ्या आणि विचारा: सकाळी उठल्यावर टाच दुखते का? जिना उतरताना गुडघ्याच्या खाली दुखतं का? मागच्या वर्षी कधी आठवडाभर खेळ सुटला होता का? जुनी दुखापत ही पुढच्या दुखापतीची सगळ्यांत मोठी खूण असते. ती वहीच्या पहिल्या ओळीत लिहा.

४. हालचाल बघण्याचा दिवस

हा दिवस फिटनेस चाचणीच्या आधी ठेवा आणि वेगळा ठेवा. दमलेल्या मुलाची हालचाल वेगळी दिसते. मुलं अनवाणी किंवा नेहमीच्या बुटांत, पण पुढच्या वेळी तसंच. पावसाळ्यात मी पंचायत सभागृहात किंवा देवळाच्या सभामंडपात परवानगी घेऊन करते. उड्या मात्र गुळगुळीत लादीवर घेत नाही.

दोन नियम पाळा. मुलाला काय करायचं ते सांगा, तुम्ही काय बघणार ते सांगू नका. ‘गुडघा आत जाऊ देऊ नकोस’ म्हटलंत की तो पाच मिनिटं जाणार नाही आणि सामन्यात पुन्हा जाईल. आणि चाचणी चालू असताना दुरुस्ती करू नका. तीन वेळा करू द्या, बघा, लिहा.

*खोल बैठक.* पाय खांद्याइतके फाकून, दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर, आणि जमेल तितकं खाली. समोरून आणि बाजूने बघा. टाच टेकलेली राहिली का, मांडी आडव्या रेषेच्या खाली गेली का, दांडा पुढे पडला का, गुडघे पावलांवर राहिले का. टाच उचलत असेल तर टाचांखाली पातळ फळी देऊन पुन्हा बसवा. फळीवर छान जमलं तर अडचण बहुधा घोट्यात आहे. तरीही नाही जमलं तर खुब्यात, कंबरेत किंवा ताकदीत शोधा.

माझ्या शेजारची आजी सत्तरीपुढची आहे. परसात उकिडवी बसून अर्धा तास मासे साफ करते, दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या. तिच्या नातवाला, चौदाव्या वर्षी, टाच टेकवून दहा सेकंद बसता येत नव्हतं. शाळेत बाक, घरात खुर्ची, शौचालयही बसकं राहिलेलं नाही. मोडलेलं काहीच नव्हतं, वापर तेवढा थांबला होता. अशा मुलांचं मला फार वाईट वाटत नाही, कारण ती सगळ्यांत लवकर सुधारतात.

*घोट्याची भिंत-चाचणी.* भिंतीपासून जमिनीवर सेंटिमीटरच्या खुणा करा. पाऊल भिंतीकडे सरळ, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा आणि हळूहळू पाऊल मागे न्यायचं. गुडघा टेकतो आहे आणि टाच खाली आहे, असं अंगठ्याचं भिंतीपासूनचं सगळ्यांत जास्त अंतर लिहा. दहा सेंटिमीटरच्या आसपास असेल तर चांगलं. मी मात्र दोन पायांतल्या फरकाकडे जास्त बघते. पूर्वी घोटा मुरगळलेल्या मुलांत तो फरक हमखास सापडतो, मुरगळणं पालक विसरलेले असले तरी.

*पाय सरळ उचलणं.* मूल पाठीवर झोपतं, एक पाय जमिनीला चिकटलेला, दुसरा गुडघा न वाकवता वर. उचललेल्या पायाचा घोटा खालच्या पायाच्या मांडीच्या मध्याच्या वर आला की उत्तम, गुडघा ते मांडीचा मध्य यांच्या दरम्यान आला की बरा, गुडघ्याच्याही खाली राहिला की काम आहे.

*तीन दिशांचा तोल.* जमिनीवर तीन पट्ट्या चिकटवा: एक पुढे, दोन तिरक्या मागे. मागच्या दोघींमध्ये काटकोन. गवंड्याचा गुण्या मिळाला तर काम सोपं होतं. पुढची पट्टी दोघींपासून सारख्या कोनात, म्हणजे १३५ अंशांवर. मूल मधल्या बिंदूवर एका पायावर उभं राहतं आणि दुसऱ्या पायाच्या चवड्याने प्रत्येक पट्टीवर जमेल तितक्या लांब हलकेच स्पर्श करून परत येतं. हात कंबरेवर, टाच खाली. आधी चार-पाच वेळा सराव करू द्या, नाहीतर तुम्ही तोल मोजण्याऐवजी गोंधळ मोजाल.

पायाची लांबी, म्हणजे ओटीपोटाच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत, मोजून घ्या. समजा ती ८० सेंटिमीटर आहे आणि तीन दिशांना ५६, ८४ आणि ८२ मिळाले. बेरीज २२२. त्याला लांबीच्या तिप्पटीने, २४०ने भागलं की ९२.५ टक्के. उंच आणि बुटक्या मुलांची तुलना या टक्क्यांवरच करा, नुसत्या सेंटिमीटरवर करू नका. अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉल खेळाडूंवर २००६ साली झालेल्या अभ्यासात, पुढच्या दिशेत दोन पायांत ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असलेल्यांना पायाच्या दुखापतीची शक्यता सुमारे अडीच पट आढळली होती. तो आकडा मी भविष्य म्हणून वापरत नाही. फरक दिसला की त्या पायाकडे आणखी लक्ष देते, इतकंच.

*उडी मारून उतरणं.* एकच चाचणी घ्यायला वेळ असेल तर ही घ्या. पेटी ३० सेंटिमीटर उंच. मुलाच्या उंचीच्या निम्म्या अंतरावर पुढे रेघ. पेटीवरून दोन्ही पायांनी त्या रेघेपलीकडे उडी आणि उतरल्याबरोबर सरळ वर जमेल तितकी उंच उडी. फोन गुडघ्याच्या उंचीवर, साधारण तीन मीटर लांब. एक व्हिडिओ समोरून, एक बाजूने, दोन्ही स्लो मोशनमध्ये.

समोरून बघा: जमिनीला लागल्यावर गुडघे एकमेकांकडे जातात का, एक पाय आधी टेकतो का, धड एका बाजूला झुकतं का. बाजूने बघा: गुडघा आणि खुबा वाकतात का, की मूल काठीसारखं उतरतं. डोळे मिटून ऐकाही. धाड असा आवाज आला तर धक्का जिरलेला नाही.

मुलींच्या बाबतीत ही चाचणी टाळू नका. फुटबॉल आणि बास्केटबॉलसारख्या खेळांत गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांच्या दुपटीहून जास्त असतो आणि ही दुखापत बहुतेक वेळा कुणाचा धक्का न लागता, उतरताना किंवा दिशा बदलताना होते.

५. फिटनेसचा दिवस

इथे नवीन शोध लावू नका. ‘खेलो इंडिया’च्या शालेय तपासणीत ९ ते १८ वयोगटासाठी असलेल्या चाचण्या पुरेशा आहेत: उंची-वजन, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणं, पाठीवर झोपून धड अर्धवट उचलणं (पार्शल कर्ल-अप) आणि जोर. शाळेत त्या होतच असतात, त्यामुळे मुलांना माहीत असतात. मोठ्या मुलांसाठी मी बीप टेस्ट घेते: बीपच्या ठोक्यावर २० मीटरच्या दोन रेघांमध्ये मागे-पुढे धावायचं, सुरुवात ताशी ८.५ किलोमीटरने आणि दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो.

चुका होतात त्या मोजण्यात. ५० मीटर पावलांनी मोजू नका, टेप लावा. डिसेंबरमध्ये सकाळी सातला घेतलेली ६०० मीटरची धाव आणि मेमध्ये दुपारी चारला घेतलेली धाव यांची तुलना होऊ शकत नाही. आपल्या दमट हवेत तेच मूल कितीतरी मागे पडतं. एकच वेळ ठरवा आणि पुढच्या खेपेला तीच पाळा. भात-हुमण जेवून लगेच मैदानात आलेल्या मुलाला पळवू नका, किमान दोन तास जाऊ द्या. पाण्याची बाटली प्रत्येकाची स्वतःची.

बीप टेस्ट संपल्यावर एक गोष्ट मी नेहमी करते: तिथेच, दमलेल्या अवस्थेत, प्रत्येकाकडून पेटीवरची उडी दोनदा घेते. हळू श्वास चालू असताना सुंदर उतरणाऱ्या कितीतरी मुलांचे गुडघे इथे आत पडतात. फिटनेस आणि हालचाल यांचं नातं मला इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसलं नाही. दम संपला की हालचाल ढासळते, म्हणजे ज्याचा दम जास्त, त्याची चांगली हालचाल सामन्याच्या शेवटपर्यंत टिकते. सराव ताजेपणी आणि दुखापत सत्तराव्या मिनिटाला, असं का होतं त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

६. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा

आता वही उघडा. डाव्या पानावर हालचाल, उजव्यावर फिटनेस. बेरीज करू नका! मी सुरुवातीला सगळ्याचा मिळून एक आकडा काढत होते आणि त्यात माझी सगळी माहिती बुडून जात होती.

एकाच बेरजेवर भिस्त ठेवण्याचा मोह एफएमएसमुळे वाढला. २००७ साली ‘अमेरिकन फुटबॉल’ या वेगळ्या खेळाच्या एका व्यावसायिक संघातल्या ४६ खेळाडूंच्या अभ्यासात २१ पैकी १४ किंवा कमी गुण असलेल्यांना गंभीर दुखापतीचा धोका बराच जास्त आढळला आणि तो १४ आकडा जगभर पसरला. नंतरच्या मोठ्या आढाव्यांत तो आकडा दुखापत वर्तवायला भरवशाचा ठरला नाही. विचार केला तर कारणही समजतं. दोन मुलांना १४ गुण मिळाले. एकाचे खांदे आखडलेले, दुसऱ्याचा एक पाय दुखरा. बेरीज सारखी, गोष्टी पूर्णपणे वेगळ्या. ‘तुमच्या मुलाला चौदा मिळाले, आता दुखापत होणार’ असं कुणी पालकांना सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

वाचताना मी आधी शोधते ती वेगवान, ताकदवान, दम असलेली, पण वाईट उतरणारी मुलं. प्रशिक्षक यांच्यावर खूश असतात, त्यांना जास्त सामने खेळवतात, आणि त्यांच्याच शरीरावर भार सर्वांत जास्त. पुढच्या आठ आठवड्यांत माझं निम्मं लक्ष या मुलांवर असतं.

त्यानंतर अगदी उलट मुलं. माझ्याकडे एक मुलगी होती, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, बसफुगडी (बसून घालायची फुगडी) घालून घालून तयार झालेली. खोल बैठकीत, तोलात, उतरण्यात तिच्या जवळ कुणी नव्हतं. ६०० मीटरला मात्र शेवटून दुसरी. तिला स्ट्रेचिंग देण्यात काही अर्थ नव्हता. तिला धावायला हवं होतं, आणि भार वाढवला तरी तिचं शरीर तो नीट पेलेल याची खात्री होती. एका हंगामात ती मधल्या फळीत नियमित खेळू लागली.

दोन्ही पानं कच्ची असतील तर घाबरू नका. बहुतेक नवी मुलं अशीच येतात, आणि नीट शिकवलेल्या बैठका, जोर आणि उड्या दोन्ही पानं एकाच वेळी सुधारतात.

७. दुरुस्ती कशी करायची

एका मुलाला एका वेळी एकच गोष्ट द्या. घोटा आखडला असेल तर घोटा. पाच दोष सापडले म्हणून पाच कसरती दिल्या तर घरी शून्य होतात.

संपूर्ण संघासाठी मी फिफा ११+ हा वॉर्मअप वापरते. साधारण २० मिनिटं, १५ व्यायाम, तीन भाग: आधी धावणं, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी वेगाने धावणं. मधल्या भागात तीन पातळ्या आहेत. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर झालेल्या मोठ्या चाचणीत, तिचे निष्कर्ष २००८ साली आले, या वॉर्मअपने दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. लहानांसाठी ११+ किड्स वेगळा आहे. आठवड्यातून किमान दोनदा हवा. सामन्याच्या आदल्या दिवशी एकदा घाईने उरकल्याने काही होत नाही.

उतरणं शिकवताना शरीरशास्त्र सांगू नका. ‘गुडघा बाहेर, खुबा मागे, चवड्यावर’ हे ऐकून मूल गोठतं. ‘मांजरासारखी उतर, आवाज येऊ देऊ नकोस’ एवढं म्हणा. गुडघे आपोआप वाकतात.

गुडघा आत पडणं नुसतं ताणून सुटत नाही, हे मला उशिरा कळलं. बऱ्याचदा खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असतात. एका पायाच्या बैठका, पायरीवरून हळू उतरणं, कडेला झोपून पाय उचलणं, आणि मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी जोडीदाराने घोटे धरून केलेली नॉर्डिक कसरत (गुडघ्यांवर उभं राहून धड सरळ ठेवत हळू पुढे झुकणं), यांनी ताकद येते आणि ताकदीबरोबर हालचाल सुधारते. हालचालीचा दर्जा म्हणजे लवचिकता, हा समज मनातून काढून टाका.

कितीदा करायचं? ठराविक आकड्यापर्यंत ओढू नका. आकार बिघडला की तो सेट संपला. सातव्या बैठकीला गुडघा आत गेला तर त्या दिवशी त्याचे सहाच. पुढच्या आठवड्यात आठ होतील.

एक सापळा मी स्वतः अनुभवला आहे. गुडघ्याची ती घटना झाल्यावर मी इतकी धास्तावले की एक पूर्ण हंगाम मुलांना ‘आधी हालचाल नीट, मग पळणं’ असं म्हणत ठेवलं. हालचाली खरंच सुंदर झाल्या. पण दुसऱ्या अर्ध्यात मुलं उभी राहायची आणि दमल्यावर त्या सुंदर हालचाली पुन्हा मोडायच्या. आता दोन्ही एकत्र चालतं: नीट जमणारी गोष्ट जोरात, न जमणारी हळू.

८. पुन्हा मोजा, पण मुलाची उंचीही मोजा

आठ आठवड्यांनी तेच सगळं पुन्हा: तीच वेळ, तेच बूट, तोच मोजणारा माणूस. माझं वेळापत्रक शेतीसारखं झालं आहे. पाऊस ओसरल्यावर, चवथ झाल्यानंतर पहिली मोजणी. भातकापणी होऊन शेतं खेळायला मोकळी होईपर्यंत दुसरी.

दर तीन महिन्यांनी उंची घ्या, घरच्या चौकटीवर खूण करायला पालकांना सांगा. साधारण बाराव्या वर्षी मुलींची आणि चौदाव्या वर्षी मुलांची उंची सगळ्यांत झपाट्याने वाढते, वर्षाला ८-९ सेंटिमीटरही. त्या काळात हाडं पुढे जातात, स्नायू मागून येतात, आणि काल उत्तम उतरणारं मूल आज धडपडतं. पालक विचारतात, ‘टीचर, याचा खेळ बिघडला का हो?’ बिघडलेला नसतो. वहीत उंची असली की तुम्ही त्यांना दाखवू शकता. या महिन्यांत उड्यांची संख्या कमी करा, तोल आणि तंत्र चालू ठेवा, आणि या काळातल्या चाचणीवरून कुणाला संघातून काढू नका.

९. तुमच्या हाताबाहेरच्या गोष्टी

प्रशिक्षकाने डॉक्टर होऊ नये. हे दिसलं तर वही मिटा आणि मुलाला अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे पाठवा: सांध्याला सूज, गुडघा अडकणं किंवा अचानक ‘सुटल्यासारखा’ वाटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, लंगडणं, एका बाजूचा दोष आठ आठवड्यांनी जराही न बदलणं. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागे वाढत्या वयात दुखणं बऱ्याच मुलांत दिसतं आणि ते भार कमी केल्यावर सहसा शांत होतं, पण ते तेच आहे हे तज्ज्ञाने सांगू दे. धावताना छातीत दुखणं किंवा भोवळ येऊन पडणं झालं तर त्याच दिवशी दवाखाना, आणि डॉक्टर सांगेपर्यंत खेळ बंद.

जाताना वहीची दोन्ही पानं आणि उडीचे दोन्ही व्हिडिओ पालकांच्या फोनवर देऊन पाठवा. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा फिजिओथेरपिस्टनी ते व्हिडिओ तीन-चारदा फिरवून पाहिले, मग मुलीला तिथेच खोलीत पायरीवरून उतरायला लावलं आणि पहिल्याच भेटीत कामाला सुरुवात केली.